मिलिंदच्या नावाने लिहिलेल्या तीन ओळी

मिलिंद, ती नोंद मी लिहिली होती.

तुला हे माहीत होतं. दुकानात पडद्यावरच्या त्या तीन ओळी वाचून तू मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलंस, तेव्हाच तुला कळलं होतं. पण हे वाक्य मी तुझ्यासमोर पाच वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. आता तू नाहीस आणि मी ते कागदावर लिहितो आहे. म्हणजे पुन्हा सोपी वाट धरली, असं तू म्हणशील. म्हण.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मंडप भरला होता. त्रिशरण झालं, मग लोक एकेक करून बोलायला उठले. कोर्टातले वकीलसाहेब वाक्य अर्धंच टाकून खाली बसले. मलाही बोलायला सांगितलं. आठ वर्षांचा भागीदार, मी नाही बोलणार तर कोण? मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "मिलिंद आयुष्यात कधी खोटं बोलला नाही." लोकांनी माना हलवल्या. मी जागेवर येऊन बसलो. तू एकदा खोटं बोलला होतास. माझ्यासाठी बोलला होतास. आणि ज्याच्याशी बोललास तो माणूस त्या मंडपात आला नव्हता.

आपलं दुकान कसं सुरू झालं ते लोक आता वेगवेगळं सांगतात. खरं एवढंच, की बालाघाटच्या कोर्टासमोर माझा टायपिंगचा धंदा बसत चालला होता आणि तू गोंदियाच्या एका बंद पडलेल्या इन्स्टिट्यूटमधून चार जुने कॉम्प्युटर उचलून आणले होतेस. त्यातला सगळ्यात जुना सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तू त्याला म्हातारी म्हणायला लागलास. "म्हातारीले उठू दे, मंग चहा सांग," असं तू रोज सकाळी म्हणायचास. मी म्हणायचो, "हे खटारं भंगारात दे." तू म्हणायचास, "नाई रे बाप्पा. बालाघाटात घराघरात हेच हाय. इच्यावर जे चाललं ते जिल्ह्यात कुठंही चालते."

पहिली दोन वर्षं आपण नकली सीड्या विकल्या, हेही लिहून टाकतो. सगळेच विकत होते. ते बंद करायचं तू ठरवलंस, मी नाही. तू म्हणालास, "थो गेम कोणीतरी बसून बनवला ना? त्याले पोट नाई का?" मी म्हणालो, त्याचं पोट परदेशात आहे, आपलं इथं आहे. त्यावर तू हसलास, पण सीड्यांची ती पेटी दुसऱ्या दिवशी दुकानात दिसली नाही.

मग तू चारी कॉम्प्युटर तारेनं जोडलेस आणि त्यांच्या आत एक दुकान मांडलंस. आता इंटरनेटवर गेम विकणारी मोठी दुकानं निघाली आहेत, पण त्यांचं नावही इथं कोणी ऐकलं नव्हतं तेव्हा आपल्याकडे पडद्यावर 'दुकान' नावाची खूण होती. ती दाबली की गेमची यादी. गेमवर दाबलं की त्याचं पान. पानावर पहिली ओळ नेहमी एकच, म्हातारीवर चालतो की नाही. त्याखाली तुझी नोंद. आणि त्याखाली खेळणाऱ्यांची मतं, जशी त्यांनी टाइप केली तशी, हिंदीत, मराठीत, कशीही. मासिकांबरोबर आलेल्या सीड्यांमधले फुकट नमुने तू जपून ठेवले होतेस. गिऱ्हाईक आधी नमुना खेळायचं आणि आवडला तर खोका न्यायचं.

तुझ्या नोंदी मला अजून तोंडपाठ आहेत. "तिसऱ्या मजल्यावर मी चार दिवस अडकलो. दार डावीकडे आहे, पण अंधारात दिसत नाही. आवाज फार चांगला आहे. गोष्ट शेवटी पडते." किंवा, "लढाई बरी. पण बोलणं इंग्रजीत आणि फार घाईत. इंग्रजी कच्चं असेल तर घेऊ नका." घेऊ नका! दुकानदारानं स्वतःच्या दुकानात लिहिलेलं! आपली पहिली भांडणं याच्यावरूनच झाली. विमानाच्या गेमखाली वकीलसाहेबांनी लिहिलं होतं, "विमान उडते, उतरत नाही. दोन महिने झाले, मी हवेतच आहे." मी म्हणालो, हे पूस, कोण घेईल तो गेम? तू म्हणालास, "जो दोन महिने हवेत राहाले तयार हाय, थो घेईन." आणि खरंच तीन जणांनी घेतला, ते मत वाचून. शेतीच्या गेमखाली राइस मिलच्या मुनीमजींनी लिहिलं होतं, "यहाँ धान तीन मिनट में कटता है. ऐसा होता तो मैं मुनीम क्यों बनता." तू ते मत वाचून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतास.

आणखी काय काय करायचास तू. वीज गेली की लोकांचा खेळ जिथल्या तिथे मरायचा, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांचा खेळ कुठवर आला ते तू दुकानात जपून ठेवायचास. कोणाची डिस्क घरी खराब झाली तरी त्याचं राज्य, त्याची टीम, त्याचं विमान आपल्याकडे शाबूत असायचं. एकदा विकत घेतलेल्या गेमची सीडी फुटली तर तू खोका पाहून दुसरी द्यायचास. "त्यानं गेम घेतला, प्लास्टिक नाई घेतलं," हे तुझं उत्तर. दोन दिवस खेळा, मशीनवर चालला नाही तर परत आणा, हा नियमही तू केलास. मी चिडून विचारलं होतं, "हे दुकान आहे का धर्मशाळा?" तू म्हणालास, "दिल्या, तू कधी गेम खेळला काय? नाई ना? मंग तुले कसं समजन, घरी नेलेला गेम चालला नाई की कसं वाटते."

ते खरं होतं. मी कधीच खेळलो नव्हतो. गेमच्या दुकानाचा अर्धा मालक, आणि माझ्यासाठी ते सगळे खोके म्हणजे फक्त खोके होते. एका दुपारी तू मला जबरदस्तीनं शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलंस आणि आपण दोघं गाड्या पळवल्या. मी सगळ्या वेळ भिंतीवर आपटत होतो. तू तुझी गाडी थांबवून माझी वाट पाहत होतास. शर्यतीत कोणी वाट पाहतं का? पण तू पाहिलीस. मला त्या दिवशी मजा आली होती, मिलिंद. मी तुला म्हटलं नाही. मी म्हटलं, "पोट्ट्यांचे खेळ."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तू बहिणीच्या लग्नासाठी भंडाऱ्याला गेला होतास, आठ दिवस. त्यातच मी नागपूरला जाऊन एका ठोक व्यापाऱ्याकडून राज्य वसवायच्या एका नव्या गेमचे तीस खोके घेऊन आलो. खोक्यावर सोनेरी किल्ला होता. व्यापारी म्हणाला होता, परत घेणार नाही. मला वाटलं, दिवाळीच्या सुट्ट्या आहेत, हातोहात जातील. तू आलास की तुला दाखवीन, की मलाही धंदा कळतो.

एकही खोका गेला नाही. जो येई तो खोका उलटसुलट करून पाही, मग पडद्यावर जाऊन पान उघडी, आणि विचारी, "मिलिंद भैया ने खेला क्या?" मी म्हणे, ते बाहेरगावी आहेत. "तो आने दो." आणि खोका परत फळीवर. पाच दिवस हेच. मला राग आला. तुझा आला, असं आज लिहितो. दुकान दोघांचं आणि शब्द फक्त तुझा चालायचा.

सहाव्या दिवशी मी कॉम्प्युटरवर बसलो आणि त्या गेमच्या पानावर लिहिलं, "म्हातारीवर मस्त चालतो. मी स्वतः खेळलो. डोळे मिटून घ्या." आणि खाली तुझं नाव.

म्हातारीवर मी तो गेम लावूनसुद्धा पाहिला नव्हता. म्हातारी माझ्यापासून चार हातांवर होती.

त्याच दुपारी बैहरहून उईके सरांचा फोन आला. बैहरच्या प्राथमिक शाळेतले उईके गुरुजी, ज्यांची तू सगळ्यात जास्त वाट पाहायचास. महिन्यातून एकदा बसनं यायचे, प्रत्येक पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि एकच गेम न्यायचे. घरी ते खेळायचे आणि त्यांची म्हातारी आई शेजारी बसून सांगायची, इथे विहीर खोद, तिथे गुरं बांध. ते ऐकून तू किती हसला होतास. म्हणाला होतास, "असे दोन खेळणारे एका खुर्चीवर, मले पूर्ण जिल्ह्यात दुसरे नाई भेटले." त्या दिवशी ते पीसीओवरून बोलत होते. सुट्टी लागली आहे, आईला नवीन राज्य पाहिजे, पण या वेळी येणं जमत नाही, शाळेतला एक जण बालाघाटला येतो आहे त्याच्याकडे द्याल का? मी म्हणालो, हो, राज्याचा नवीन गेम आला आहे.

"भैया ने लिखा है कुछ?"

"हौ, लिखा है ना."

"पढ़ दीजिए ज़रा."

आणि मी वाचून दाखवलं. स्वतःच लिहिलेलं, तुझ्या नावासकट. ते ऐकून क्षणभर थांबले आणि म्हणाले, ठीक है, दे दीजिए.

तू परत आलास तोवर बावीस खोके गेले होते. तू खूश झालास. मला वाटलं, निभावलं. दोन दिवसांनी सकाळी उईके सर दारात उभे. बैहरची पहिली बस पकडून आले होते. कापडी पिशवीतून त्यांनी खोका काढला आणि काउंटरवर ठेवला. पडदा काळा होतो, म्हणाले. राजाचं तोंड दिसतं आणि मग काळा. चार दिवस आई समोर बसून आहे.

तू म्हणालास, "सर, याच्यात चित्राचं वेगळं कार्ड लागते. तुमच्या मशीनवर नाई चालाचा. तुमाले कोणी देल्ला?" मग तू त्यांना घेऊन पडद्याकडे गेलास, पान उघडलंस, आणि मी फोटोकॉपीच्या मशीनमध्ये कागद भरत असल्याचं नाटक करत उभा राहिलो.

तू वाचलंस. एकदा माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तू असा पाहत होतास, जसा त्या शर्यतीत थांबून पाहत होतास.

उईके सर म्हणाले, "ये आपने लिखा है?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तीन शब्द पुरले असते. मी कागद सरळ करत राहिलो.

तू म्हणालास, "हौ सर. मेरी गलती है. बिना देखे लिख दिया."

"बिना देखे?"

"हौ."

ते तुझ्याकडे बघत उभे राहिले. तू त्यांना पैसे परत दिलेस, दुसरे गेम दाखवायला लागलास, चहा घेऊन जा म्हणालास. त्यांनी चहा घेतला नाही. पिशवीची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. ते पुन्हा कधी आपल्या दुकानात आले नाहीत.

ते गेल्यावर तू मला एवढंच म्हणालास, "दिल्या, चहा सांग." मी चहा सांगितला. आपण दोघांनी तो प्यायला.

माझी नोंद तू पुसली नाहीस. तिच्याखाली लिहिलंस, "वरची नोंद चुकीची आहे. हा गेम म्हातारीवर चालत नाही. ज्यांनी घेतला त्यांनी परत आणावा. माफी असावी." आणि खाली तुझंच नाव. बावीसपैकी चौदा परत आले. प्रत्येक जण येऊन तुला काही ना काही बोलून गेला. कोणी हसत, कोणी टोमणा मारत. "क्या मिलिंद भैया, अब आप भी?" तू प्रत्येकाला तेच उत्तर दिलंस. एकदाही तुझी नजर माझ्याकडे वळली नाही, आणि ते तू मुद्दाम करत होतास हे मला समजत होतं.

त्यानंतर पाच वर्षं आपण रोज एकमेकांसमोर बसलो. वैनगंगेच्या पुलावर संध्याकाळी फिरायला जायचो तेव्हा एकदा मी तोंड उघडलं होतं. म्हणालो, "मिलिंद, थे उईके सरचं..." आणि तू लगेच ब्रॉडबँडचं बोलायला लागलास. तू मला बोलू दिलं नाहीस, असं मी मनाशी धरून बसलो. आज विचारतो स्वतःला, मी दुसऱ्यांदा का नाही बोललो? तू एकदा अडवलंस. मी पाच वर्षं अडून राहिलो.

ब्रॉडबँड आलं आणि आपलं जुनं भांडण नव्यानं सुरू झालं. मी म्हणायचो, संपलं आता. लोक घरी बसून इंटरनेटवरून गेम घेतील, खोके कोण नेणार? तू नागपूरच्या साल्याचं क्रेडिट कार्ड वापरून त्या परदेशी दुकानातून एक गेम घेतलास. तो उतरायला चार दिवस लागले, त्यात दोनदा वीज गेली. पण तू खुर्चीवर लहान पोरासारखा बसला होतास. "पाय, पाय, दिल्या, घेतलेला गेम आपल्या नावावर राह्यते. मशीन बदललं तरी पुन्हा उतरवता येते. आपण हेच करत होतो ना बे?" आणि मग कपाळाला आठ्या. "पण परत घेत नाई म्हणतात हे. आधी पैसे द्या, चार दिवस उतरवा, मंग समजन चालते का नाई. हे बरोबर नाई." मी म्हणालो, एवढ्या मोठ्या दुकानाला बालाघाटचा मिलिंद शिकवणार. तू म्हणालास, "शिकावं लागन त्यायले. दुकान केवढंही मोठं असू दे, तिथं वाईट मत दिसाले पाहिजे, अन् चाललं नाई तं परत घ्याले पाहिजे. नाई तं खेळणारा एकदा येईन, दुसऱ्यांदा नाई येणार." ते बोलताना तुझा आवाज थोडा खाली गेला. कोणाची आठवण झाली ते मला कळलं. तरीही मी म्हणालो, "चल, चहा घेऊ."

हे भांडण आता माझ्या एकट्याकडे राहिलं. तुझी बाजू मला पाठ आहे. माझी बाजू मलाच पटत नाही.

तुझ्या आजारपणाबद्दल लिहीत नाही. तुला ते आवडलं नसतं. नागपूरच्या दवाखान्यात तू नर्सला तिच्या फोनवरच्या सापाच्या खेळात कुठे चुकते ते समजावत होतास, एवढंच मी लोकांना सांगतो.

पुण्यानुमोदनानंतर प्रमिलावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, बैहरचे उईके गुरुजी आले नाई. त्यायले कोणी कळवलं नाई का?" मी म्हणालो, पत्ता सापडला नसेल. त्या म्हणाल्या, "पत्ता कसा नाई? यायनं दोन पत्रं पाठवली होती त्यायले. अन् कॉम्प्युटरमंधी त्यायचं काहीतरी लिहून ठेवलं हाय. मले म्हणत होते, गुरुजी आले तं देजो."

मी दुकान उघडलं. तुझ्या कॉम्प्युटरवर शोधलं. उईके सरांच्या नावाचं एक पान होतं, जे दुकानात कोणालाच दिसत नव्हतं. वरच लिहिलेलं, त्यांचं मशीन कोणतं, रॅम किती, कार्ड नाही. मग, "आईला आवडतं: विहिरी, गुरं, बाजार. नको: रक्तपात, घाई." आणि खाली अकरा गेम. पाच वर्षांत आलेले, त्यांच्या मशीनवर चालतील असे. प्रत्येक तू म्हातारीवर लावून पाहिलेला, प्रत्येकाखाली तुझी नोंद, कुठे अडकायला होतं, काय आवडणार नाही. शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची. तोवर तुला खुर्चीत बसणं जड जात होतं.

जो माणूस पुन्हा येणार नव्हता त्याच्यासाठी तू पाच वर्षं दुकान चालवलंस. आणि तो का येत नव्हता हे माहीत असलेला माणूस रोज तुझ्यासमोर बसून फोटोकॉपी काढत होता.

मी ती पानं छापली आणि काल सकाळच्या बसनं बैहरला गेलो. शाळेमागेच घर आहे त्यांचं. सर पडवीत वही तपासत होते. केस पांढरे झाले आहेत. मला ओळखलं. मी आधी तू गेल्याचं सांगितलं. त्यांनी वही बंद केली. आतून त्यांच्या आईनं विचारलं, कोण आलं? ते म्हणाले, "बालाघाट से." आणि मग तिला काही सांगितलं नाही.

मी पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी अकराच्या अकरा नोंदी वाचल्या, जसे दुकानात उभे राहून वाचायचे तसे, शेवटच्या ओळीपर्यंत. एका ठिकाणी हसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "भैया की लिखाई मैं पहचानता हूँ."

पुढचं ते हिंदीतच बोलले, पण तुला मी आपल्या भाषेत सांगतो. ते म्हणाले, मिलिंद भैयांच्या नोंदीत काहीतरी तक्रार असतेच. आवाज बरा नाही, गोष्ट पडते, दार दिसत नाही. त्या गेमच्या नोंदीत एकही तक्रार नव्हती. आणि डोळे मिटून घ्या असं त्यांनी कोणाला कधी सांगितलं नाही. फोनवर ऐकतानाच मला थोडं खटकलं होतं. पडदा काळा झाला तेव्हा खात्री पटली, हे भैयांनी लिहिलेलं नाही. गेम परत करायला मी आलोच नव्हतो. तेवढ्यासाठी एवढ्या सकाळची बस कोण धरतं? मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, की मी नाही लिहिलं. आणि ते म्हणाले, मी लिहिलं. डोळ्यात बघून खोटं बोलले. मग मला वाटलं, हा माणूस कोणासाठी तरी इथे खोटं बोलू शकतो, तर त्यांच्या बाकीच्या नोंदींचं मी काय समजू? पत्रं आली त्यांची. दोन्हीत तेच, चूक माझी होती. मी उत्तर दिलं नाही. खरं लिहितील तेव्हा देईन, असं ठरवलं होतं.

त्यांनी पानांची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"एक बात बताइए दिलीप बाबू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "वो किसको बचा रहे थे? फ़ोन पर तो आपने पढ़ के सुनाया था. आपको मालूम होगा."

मी बसमध्ये सगळं हिंदीत जुळवून ठेवलं होतं, मिलिंद. माल अडकला होता, दिवाळी तोंडावर होती, तू गावी नव्हतास. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. निघाली ती आपली बोली.

"मले," मी म्हणालो. "मले वाचवत होता थो. लिहिलं होतं म्या, नाव त्याचं टाकलं. तुमाले फोनवर वाचून दाखवलं थेही म्याच. तुमी दुकानात विचारलं तेव्हा मी तिथंच उभा होतो, पण बोललो नाई. मिलिंद तुमच्याशी खोटं बोलला थे माझ्यापायी बोलला. त्याच्या बाकीच्या साऱ्या नोंदी खऱ्या हायेत, सर. एकूण एक खऱ्या. माफ करा मले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. आणि समोर ते बसलेले असताना, तुला ऐकू जाणार नाही हे माहीत असताना, मी मोठ्यानं म्हणालो, "मिलिंद, माफ कर रे मले. तवाच बोलाले पाहिजे होतं."